बिनशेपटीचे

आमची आई आम्हां तिघा भावांना 'माकडं' म्हणायची. रागानं नव्हे, सवयीनं. 'माकडांनो, पानं घेतलीत, या', 'त्या माकडाला सांग, दिवे लागले, आता घरी ये', अशी तिची निम्मी वाक्यं त्या एका शब्दावर चालायची. वाईच्या आमच्या घरावर खरीखुरी वानरंही यायची. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची. कौलांवरून त्यांची वरात गेली की दहापाच कौलं फुटायची आणि पावसाळ्यात माजघरात जागोजाग पातेली मांडावी लागायची. त्यांना हाकलायला आईनं रॉकेलचा एक रिकामा डबा मागच्या पडवीत ठेवला होता. वानरं आली की ती लाटण्यानं तो डबा बडवायची. वानरं पळायची, शेजारचं झोपलेलं तान्हं पोर उठायचं, आणि माडीवर पत्ते खेळत बसलेले आम्ही तिघं घाईघाईनं पुस्तकं उघडायचो. एका डब्यात दोन्ही जातींचा बंदोबस्त होत असे.

हे सगळं आठवायला कारण झाली माझी नात. ती प्राणिशास्त्र शिकते. घरात कुणीतरी काहीतरी शिकत असलं की बाकीच्यांचं अज्ञान रोज थोडं थोडं उघडं पडतं. एकदा जेवताना मी सहज म्हटलं, "चिंपांझी हे फार हुशार माकड आहे, नाही?" तिनं घास खाली ठेवला.

"आजोबा, चिंपांझी माकड नाही. त्याला शेपूट आहे का?"

"शेपूट मलाही नाही."

"म्हणूनच तुम्हीही माकड नाही. तुम्ही आणि चिंपांझी एका घरातले. माकडं शेजारच्या आळीतली."

मग तिनं मला वंशावळच सांगितली. गिबन, ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी, बोनोबो आणि आपण, ही सगळी बिनशेपटीची मंडळी. साठसत्तर लाख वर्षांपूर्वी आपले आणि चिंपांझीचे पूर्वज एकच होते. आणि गंमत म्हणजे, चिंपांझीला गोरिला जेवढा जवळचा, त्याहून आपण जास्त जवळचे. म्हणजे जंगलात एखादं लग्नकार्य निघालं तर चिंपांझीनं पहिली अक्षत गोरिलाच्या घरी न देता आमच्या सोसायटीत आणून द्यायला हवी. आपल्या भाषेत या घराण्याला धड नावही नाही. पुस्तकात 'कपी' म्हणतात, शाळेत 'मानवसदृश वानर' असलं काहीतरी. उवेच्या अंड्यालासुद्धा 'लीख' असा स्वतंत्र शब्द देणाऱ्या भाषेनं सख्ख्या चुलतभावांना नाव देऊ नये, याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं. भाऊबंदकी आमच्या भाषेत फार जुनी आहे, एवढंच त्याचं स्पष्टीकरण.

दुसऱ्या दिवशी तिनं दोनतीन पुस्तकं माझ्या उशाशी आणून ठेवली. निवृत्त माणसाला कुणी पुस्तक दिलं की ते वाचावंच लागतं, कारण वेळ नाही असं म्हणायची सोय नसते.

पहिलं जेन गुडॉल या बाईंचं. या बाई १९६० साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, टांझानियात गोंबेच्या जंगलात चिंपांझी बघायला गेल्या आणि २०२५ साली, एक्याण्णवाव्या वर्षी वारल्या तोवर त्यांच्याच विषयी बोलत राहिल्या. माझ्या वयाच्या सव्विसाव्या वर्षी मला मुली बघायला पाठवत होते. त्यातही मी दुसऱ्याच मुलीला होकार दिला, आणि पुढे तिच्याच विषयी न बोलण्याची खबरदारी घेत आलो. असो. त्यांच्या टोळीत माइक नावाचा एक चिंपांझी होता. कुणी विचारत नव्हतं त्याला. दांडग्या नरांच्या रांगेत जवळजवळ शेवटचा नंबर. एक दिवस त्याला गुडॉलबाईंच्या तळावर रॉकेलचे रिकामे डबे सापडले. त्यानं काय करावं? ते डबे आपटत, बडवत, लाथाडत तो थेट दांडग्या नरांच्या घोळक्यावर चालून गेला. पुढे पुढे तर एका वेळी तीन तीन डबे. असला आवाज त्या जंगलात कुणी ऐकला नव्हता. मोठमोठे पैलवान झाडीत पळाले, आणि मग एकेक करून परत येऊन माइकचे केस विंचरू लागले. केस विंचरणं हा तिथला मुजरा. गोलायथ नावाचा जुना म्होरक्या मागे पडला आणि १९६४ च्या सुमाराला माइक टोळीचा प्रमुख झाला. कुणाला चावला नाही, कुणाचं हाड मोडलं नाही. नुसता डबा.

मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ हसत राहिलो. डब्याची ही शक्ती आमच्या आईला ठाऊक होती. आमच्या सोसायटीच्या सभेतही ती ठाऊक आहे. पाण्याच्या टाकीचा ठराव कुणी मांडला आणि त्याचा हिशेब बरोबर होता का, हे आजतागायत कुणाला कळलेलं नाही. पण ज्यांच्या हातात माइक होता त्यांचं पॅनेल निवडून आलं. (चिंपांझीचं नावही माइक असावं, हा योगायोग. मी केलेला विनोद नव्हे.)

दुसरं पुस्तक फ्रान्स द वाल या डच शास्त्रज्ञाचं. १९८२ सालचं. हे गृहस्थ २०२४ मध्ये वारले. तरुणपणी, १९७५ पासून, ते नेदरलंड्समधल्या आर्नहेम गावच्या प्राणिसंग्रहालयात चिंपांझींकडे बघत बसत. तिथे पिंजऱ्याऐवजी दोनेक एकराचं मोकळं बेट केलेलं आहे. भोवती पाण्याचा खंदक, कारण चिंपांझीला पोहता येत नाही. त्यावर पंचवीसेक चिंपांझी. आणि हे रोज दुर्बीण लावून टिपणं काढणार. कचेरीत इतकी वर्षं काढूनही मला जे समजलं नाही, ते या माणसाला खंदकापलीकडून समजलं.

बेटावर तीन मोठे नर होते. येरून हा वयानं वडील आणि प्रमुख. तो केस पिंजारून, दुप्पट आकाराचा होऊन, जड पावलं टाकीत निघाला की बाकीचे वाकून 'हूं हूं' करत समोर येत. आमच्या कचेरीत साहेब आले की आमचा हेडक्लार्क नेमका हाच आवाज काढायचा. मला वाटायचं, त्याला दमा आहे. लाउट हा त्याच्याहून तगडा, आनंदी स्वभावाचा. निक्की सगळ्यांत तरुण आणि हुडदंग्या. १९७६ च्या उन्हाळ्यात लाउटनं येरूनला 'हूं हूं' करायचं बंद केलं. झालं. दोनेक महिने धुमश्चक्री. येरून, हा एवढा मोठा प्रमुख, लहान पोरासारखा जमिनीवर गडाबडा लोळून किंचाळू लागला. शेवटी लाउट प्रमुख झाला, आणि प्रमुख झाल्यावर भांडणात हरणाऱ्याची बाजू घेऊ लागला. येरूननं त्याचा सूड फार निवांतपणे घेतला. त्यानं निक्कीला हाताशी धरलं. दुसऱ्या वर्षी दोघांनी मिळून लाउटला खाली खेचलं. निक्की प्रमुख झाला नावाला. मजा येरूनची. त्याच्या पाठिंब्यावर सरकार चाललेलं, त्यामुळे त्याला कुठेच आडकाठी नाही. १९९४ साली अमेरिकेतले एक बडे पुढारी, न्यूट गिंग्रिच, यांनी आपल्या पक्षाच्या नव्या खासदारांना वाचायच्या पुस्तकांची यादी दिली, तीत हे पुस्तक होतं म्हणे. आपल्याकडे तशी गरज भासली नसावी.

दोन बारीक गोष्टी मला फार आवडल्या. एकदा निक्कीशी झालेल्या झटापटीत येरूनच्या हाताला लागलं. पुढे काही दिवस तो लंगडत होता. पण कधी? निक्की बघत असेल तेव्हाच. निक्कीच्या समोरून लंगडत जायचा, त्याच्या पाठीमागे गेला की ठणठणीत चालायचा. दुसरी गोष्ट लाउटची. चिंपांझीला भीती वाटली की त्याचे दात दिसतात, ओठ आपोआप फाकतात. निक्की झाडावरून ओरडत होता, लाउट खाली त्याच्याकडे पाठ करून बसला होता. ओठ फाकले. लाउटनं बोटांनी ते दाबून मिटले. पुन्हा फाकले, पुन्हा दाबले. तिसऱ्यांदा जेव्हा ते मिटलेले राहिले, तेव्हाच तो निक्कीकडे तोंड करून वळला.

इथवर मी बायकोला वाचून दाखवत होतो, आणि ती भाजी निवडता निवडता हसत होती. ("येरून म्हणजे अगदी तुमचे..." एवढं म्हणून ती थांबली. कुणाचं नाव घेणार होती ते मी विचारलं नाही.) पुढचं मी तिला वाचून दाखवलं नाही.

१९८० साली येरूनचं आणि निक्कीचं फाटलं. त्या संधीत लाउट पुन्हा प्रमुख झाला. काही आठवडेच. नर रात्री आत पिंजऱ्यात झोपत. वातावरण बरं नाही हे ओळखून रखवालदारांनी त्यांना वेगवेगळं ठेवायचा प्रयत्न केला, पण ते एकमेकांना सोडायला तयार होईनात. सप्टेंबरातल्या एका रात्री येरून आणि निक्की, दोघांनी मिळून लाउटला फाडला. सकाळी तो रक्तात बसलेला सापडला. द वाल धावत गेले. गजांना डोकं टेकून तो बसला होता. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा त्यानं एक खोल सुस्कारा सोडला. शस्त्रक्रिया झाली, पण त्याच दिवशी तो गेला.

आता थोडं आमच्या घराविषयी सांगतो. सांगायचं मनात नव्हतं.

वडील लवकर गेले. मी पुण्याला नोकरीला लागलो, धाकटा मुंबईला. दादा वाईलाच मास्तर होता. आई शेवटची नऊ वर्षं आजारी होती. त्यातली पाच अंथरुणावर. ती नऊ वर्षं दादा आणि वहिनींनी काढली. 'आलटून पालटून नेऊ या' असं दादा पहिल्यांदा म्हणाला त्या सुमाराला माझा गुडघा दुखू लागला होता. खोटं सांगत नाही, खरंच दुखत होता. पण वाईला गेलो की जास्त दुखायचा आणि कात्रजच्या अलीकडे आलो की उतरायचा, हे माझ्या बायकोनं त्या वेळीच पाहून ठेवलं होतं.

आईचं वर्षश्राद्ध झालं त्या संध्याकाळी घर विकायचा विषय निघाला. निघाला म्हणजे मी काढला. धाकट्याशी माझं आधीच टेलिफोनवर बोलणं झालेलं होतं. आकडा ठरला होता, गिऱ्हाईक ठरलं होतं, कोण आधी बोलणार तेही ठरलं होतं. दादाची इच्छा होती घर राहू द्यावं, तो आमचे हिस्से हप्त्याहप्त्यानं देईल. आम्ही व्यवहार समजावला. तीन समान हिस्से, कायद्याप्रमाणे. नऊ वर्षांचा हिशेब कुणी केला नाही, दादानं मागितला नाही. तो झोपाळ्यावर बसला होता. उठला, आमच्याकडे पाठ करून बराच वेळ चष्मा पुसत उभा राहिला. मग वळला आणि अगदी नेहमीच्या चेहऱ्यानं म्हणाला, "दोघांचं ठरलंच आहे तर मला विचारता कशाला? कुठे सही करायची ते सांगा."

त्याला आता अकरा वर्षं झाली. दादा साताऱ्याला दोन खोल्यांत राहतो. लग्नामुंजीत समोरासमोर आलो तर वहिनी बोलतात. आम्ही दोघं मंडपाच्या सजावटीकडे बघतो.

तर प्रश्न असा की लाउटला मारलं कुणी आणि दादाचं घर विकलं कुणी? पहिल्याचं उत्तर सोपं वाटतं, जनावरांनी. दुसऱ्याचंही आपण तसंच देतो. माणूस वाईट वागला की आपण म्हणतो, 'त्याच्यातला पशू जागा झाला.' चांगला वागला की म्हणतो, 'माणुसकी दाखवली.' ही वाटणी फार जुनी आहे. डार्विनची बाजू घेऊन आयुष्यभर भांडलेले थॉमस हक्स्ले, त्यांनीसुद्धा १८९३ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सांगितलं की नीती ही निसर्गाच्या विरुद्ध उभी आहे, आणि पुढच्या वर्षी ते छापताना बागेचा दाखला जोडला. निसर्ग तण वाढवणार, माणूस माळी होऊन ते उपटणार. द वाल याला वरचा मुलामा म्हणतात. आत सगळं पितळ, वर चांगुलपणाची कल्हई.

मला हे तत्त्वज्ञान मनापासून आवडलं असतं. अकरा वर्षं मी त्यावरच जगलो. त्यात सोय केवढी! स्वार्थ पूर्वजांच्या खाती टाकायचा, आणि देवळाला दिलेली देणगी तेवढी आपल्या खाती. पण मग द वालनीच सांगितलेली पिओनीची गोष्ट वाचली. पिओनी ही अमेरिकेत जॉर्जियातल्या येर्किस केंद्रातली म्हातारी चिंपांझीण. सांध्यांनी धरलेली. उठणं-बसणं मुश्कील. तिला लाकडी मचाणावर चढायचं असलं की एखादी तरुण मादी मागून दोन्ही हातांनी तिला वर ढकलायची. पाण्याच्या नळापर्यंत जाणं तिच्या जिवावर यायचं. तिला निघालेली पाहिली की तरुण माद्या पुढे धावायच्या, नळावर तोंड भरून पाणी घ्यायच्या, आणि तिच्यापुढे येऊन ते तिच्या उघड्या तोंडात सोडायच्या. त्यांना कुणी श्रावणबाळाची गोष्ट सांगितलेली नव्हती.

म्हणजे आमच्या वहिनी आईला चमच्यानं पाणी पाजत होत्या ते साठसत्तर लाख वर्षांचं, आणि मी टेलिफोनवर धाकट्याला फितवत होतो तेही तितकंच जुनं. दोन्ही एकाच घराण्यातून आलेलं. मग माझ्या वाट्याला येरून आला आणि दादाच्या वाट्याला त्या पाणी देणाऱ्या माद्या, हे कुणी वाटून दिलं? कुणीच नाही. समोर दोन्ही पडलेलं होतं, मी एक उचललं. पशूला पुढे करून मला सुटता येईना. पशू साक्षीला उभा राहिला तर तो माझ्याच विरुद्ध बोलायचा.

द्राक्षांची गोष्ट तर याहून अवघड निघाली. २००३ साली सॅरा ब्रॉस्नन आणि द वाल यांनी कापुचिन माकडांवर एक प्रयोग छापला. (ही खरोखरची माकडं, शेपटीवाली. नातीनं बजावून सांगितलंय.) शेजारी शेजारी दोन माकडं. माणसाला खडा परत द्यायचा, बदल्यात काकडीची फोड मिळणार. दोघंही खुशीत. मग एकाला काकडीऐवजी द्राक्ष द्यायला लागले. दुसरं त्या काकडीकडे ढुंकून बघेना, काही तर ती फोड चक्क बाहेर भिरकावत. हे वाचून आम्ही सगळेच टाळ्या पिटतो, कारण आपण प्रत्येक जण स्वतःला काकडीवालाच समजतो. आमच्या कचेरीत बढतीची यादी लागली की दोन दिवस काकड्या उडत असत. पण त्यात द्राक्ष खाणाऱ्या माकडाची काहीच तक्रार नव्हती, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढे २०१० साली ब्रॉस्नन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिंपांझींवर असाच प्रयोग केला. शेजाऱ्याला नुसतं गाजर मिळतंय हे पाहून काही वेळा द्राक्षवाल्या चिंपांझीनंच आपलं द्राक्ष नाकारलं. नेहमी नाही. काही वेळा.

मी ते वाक्य दोनदा वाचलं. माझा हिस्सा मी बँकेत मुदतीच्या ठेवीत ठेवला आहे.

आता तुम्ही म्हणाल, चिंपांझी म्हणजे संत झाले की काय? छे. गोंबेत १९७४ ते १९७८ अशी चार वर्षं, पूर्वी एकत्र राहणारी, एकमेकांचे केस विंचरणारी टोळी दोन झाली आणि एका भागानं दुसऱ्या भागातले नर एकेक गाठून मारले. तो जुना म्होरक्या गोलायथ, म्हातारा झाला होता, त्यालाही १९७५ साली सोडला नाही. गुडॉलबाईंनी आधी चिंपांझींना आपल्याहून बरं समजलं होतं, त्यांनाही हे पचवणं जड गेलं. काँगो नदीच्या दक्षिणेला राहणारे बोनोबो आपल्याला तितकेच जवळचे. त्यांच्यात बायकांचं राज्य, आणि तंटे मिटवायची त्यांची पद्धत अशी आहे की ती या पुस्तकात छापता येणार नाही. तेव्हा पूर्वजांकडे बोट दाखवायचं तर कुठल्याही दिशेला दाखवता येतं.

लाउटच्या मृत्यूनंतर द वाल यांनी आयुष्याचा मोठा भाग दुसऱ्याच गोष्टीमागे घालवला. भांडण झाल्यावर काय होतं? तशी सुरुवात आधीच झाली होती. हिवाळ्यात आत कोंडलेले असताना एकदा बेदम मारामारी झाली, मग शांतता, आणि मग अचानक सगळ्या टोळीनं आरोळ्या ठोकल्या. मध्यभागी दोघं गळ्यात गळा घालून एकमेकांचे मुके घेत होते. थोड्या वेळानं द वालच्या डोक्यात प्रकाश पडला की मारामारी करणारे तेच हे दोघं. मग ते मोजायलाच बसले. भांडलेले चिंपांझी बहुधा अर्ध्या तासाच्या आत एकमेकांजवळ येतात, असं निघालं. अर्धा तास! आमची अकरा वर्षं मी तासांत मांडून पाहिली आणि कागद फाडून टाकला.

पण नरांची जात. कधी कधी ताठ्यानं दोघंही हलत नाहीत. एक इकडे आभाळाकडे बघतोय, दुसरा तिकडे नखं बघतोय. अशा वेळी कुणीतरी पोक्त मादी उठते. एकापाशी जाते, त्याचे केस विंचरते, मग सावकाश दुसऱ्याकडे चालू लागते. पहिला मान खाली घालून तिच्या मागोमाग, दुसऱ्याकडे अजिबात न बघता. ती मध्ये बसते, दोन्हीकडून दोघं तिला विंचरू लागतात. आणि मग ती हळूच उठून निघून जाते. दोघांचे हात आता एकमेकांच्या केसांत. एखादा नर हातात दगड घेऊन केस पिंजारून बसला असेल तर मादी जाऊन त्याची मूठ सोडवून दगड काढून घेते. आर्नहेमला या कामात सगळ्यांत मोठा मान होता तिचं नाव मामा. (डच भाषेत मामा म्हणजे आई. आपल्याकडे मामा म्हटलं की कुणीतरी गंडवला गेलेला माणूस डोळ्यांपुढे येतो.)

मामा २०१६ साली, जवळजवळ एकोणसाठाव्या वर्षी गेली. जाण्याआधी ती खाणं सोडून गवतावर मुटकुळं करून पडली होती. तेव्हा यान फान होफ हे तिला चाळीस वर्षं ओळखणारे प्राध्यापक, स्वतः ऐंशीच्या घरातले, तिच्या पिंजऱ्यात आत गेले. एरवी आत कुणी जात नाही. त्याची चित्रफीत नातीनं मला मोबाइलवर दाखवली. आधी मामाला कळत नाही कोण आलंय. मग ओळख पटते. सगळा चेहरा हसतो, ती हात लांब करून त्यांच्या डोक्यावर, मानेवर थापटते, त्यांना जवळ ओढते. घाबरू नकोस, असं तीच त्यांना सांगते आहे.

"आजोबा, रडताय?"

"चष्म्याचा नंबर वाढलाय."

आमची मामा गेली त्या वर्षापासून आमच्याकडे मुठीतला दगड काढून घेणारं कुणी राहिलं नाही. ती असती तर काय झालं असतं हे मला नक्की ठाऊक आहे. आधी मला डब्याच्या आवाजानं दचकवलं असतं, मग दादाला. मग दोघांना पोहे दिले असते, आणि आपण वाती वळायला देवघरात गेली असती.

नातीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. बायकोनं सांगितलं असावं. एके दिवशी पुस्तकात एक पान दुमडून तिनं माझ्यापुढे ठेवलं. भांडलेल्या दोन नरांना जवळ यायचं असतं, पण पहिलं पाऊल कुणी टाकायचं हा मानाचा प्रश्न असतो, तेव्हा ते कधी कधी करतात ती युक्ती तिथे होती. एक जण अचानक गवतात वाकतो आणि 'हे काय बरं सापडलं!' अशा थाटात ओरडू लागतो. सगळे धावतात. दुसराही येतो. बाकीच्यांना तिथे काहीच दिसत नाही, ते आपापल्या वाटेनं जातात. हे दोघं मात्र डोक्याला डोकं लावून गवत हुंगत राहतात. थोड्या वेळानं गवत राहतं बाजूला, एकमेकांचे केस विंचरणं सुरू होतं. द वाल लिहितात, तिथे काय होतं ते त्यांना कधी दिसलं नाही.

मी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी दुपारी, बायको झोपली आहे अशी खात्री करून (ती झोपली नव्हती), दादाचा नंबर फिरवला. फोन त्यानंच उचलला.

"दादा, मी बोलतोय."

पलीकडे काहीच नाही. मी घाईनं म्हटलं, "अरे, एक विचारायचं होतं. आईचा तो वानरं हाकलायचा डबा... घर आवरताना तो कुणाकडे गेला?"

बराच वेळ गेला. पंख्याचा आवाज येत होता, त्यांचा की आमचा ते कळेना.

"कुठला?" दादा म्हणाला. "डालड्याचा की रॉकेलचा?"

"रॉकेलचाच ना?"

"रॉकेलचा नंतर. आधी डालड्याचा होता. त्याचा आवाज बसला म्हणून आईनं बदलला. तू तेव्हा तिसरीत होतास, तुला काय आठवणार." मग तो खोकला. "त्याला एका बाजूला पोचा होता. तो तूच पाडलास."

"मी नाही, धाकट्यानं."

"तू. मी बघितलंय."

त्या पोच्यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो. शेवटी दादा म्हणाला, माळ्यावर दोन खोकी अजून तशीच बांधलेली आहेत, त्यात असला तर असेल, पण आता त्याला शिडीवर चढवत नाही. मी म्हटलं, मी चढेन. तो म्हणाला, "तुझा गुडघा?" मी म्हटलं, बरा आहे आता. तो काही बोलला नाही.

फोन ठेवता ठेवता मागून वहिनींचा आवाज आला, "कुणाचा हो फोन एवढा वेळ?"

"कुणाचा नाही," दादा म्हणाला. "डब्याचा."